मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि तिकिटावरचं घड्याळ कसं वाचायचं

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, याचं उत्तर एका ओळीत देता येतं: सुमारे १२,५४० किलोमीटर. किती वेळ लागतो, याचं उत्तर मात्र तिकीट हातात घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. जायच्या तिकिटावर असतं, मुंबईहून शनिवारी रात्री १:३० ला निघणार आणि न्यूयॉर्कला शनिवारीच सकाळी ८ ला पोचणार. म्हणजे साडेसहा तास? परतीच्या तिकिटावर असतं, न्यूयॉर्कहून शनिवारी सकाळी ११:३० ला निघून मुंबईला रविवारी सकाळी ११:३० ला. म्हणजे पुरते चोवीस तास? विमानतळ तेच, अंतर तेच, आणि खरा प्रवास जाताना सोळा तासांचा, येताना साडेचौदा तासांचा.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहायला गेल्यापासून ही वाट माझ्या पायाखालची झाली आहे. आमच्या सोसायटीत कुणाचे आईवडील पहिल्यांदा अमेरिकेला निघाले, की तिकिटाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्या सगळ्यांना मी एकच सांगते. अंतराचा हिशोब वेगळा करा, वेळेचा वेगळा करा, आणि घड्याळाचा त्याहून वेगळा. तिन्ही एकात मिसळले की गोंधळ होतो. वेगवेगळे केले तर पाचवी-सहावीतल्या मुलालाही जमतात. खाली तेच क्रमानं लिहिते आहे. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं असलं, तरी तुमचं विमान मेलबर्नला जाणारं असो की टोरांटोला, रीत हीच.

पहिली पायरी: दोन टोकं पक्की करा

तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरांचं चिन्ह असतं. त्याकडे आधी बघा, शहराच्या नावाकडे नंतर. मुंबईच्या सहारच्या विमानतळाचं चिन्ह बीओएम. जुन्या ‘बॉम्बे’वरून आलेलं ते चिन्ह तसंच राहिलं आहे. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्याचं चिन्ह एनएमआय. तेव्हा ‘मुंबई’ एवढंच वाचून गाडी सहारकडे वळवू नका.

तिकडचं टोक तर आणखी काळजीनं बघावं लागतं. न्यूयॉर्क म्हणून जे विकलं जातं, त्यात जेएफके आहे आणि ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्कही आहे. जेएफके न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडच्या क्वीन्स भागात, तर नेवार्क हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सी राज्यात. आकाशातून या दोघांत जेमतेम ३३ किलोमीटर. साडेबारा हजारांत हे ३३ कुठं हरवतात ते कळतही नाही. जमिनीवर मात्र मध्ये सगळं न्यूयॉर्क शहर आणि त्याची रहदारी येते, आणि गर्दीच्या वेळी दोन तास सहज जातात. मुलं एडिसन किंवा पार्सिपनीला असतील तर नेवार्क सोयीचं. लाँग आयलंडला असतील तर जेएफके. तिकीट काढण्याआधी मुलांना एवढं नक्की विचारा.

दुसरी पायरी: दोरा घ्या आणि अंतर मोजा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरियातलं सहारा वाळवंट आणि मग सगळा अटलांटिक असा प्रवास करते. दिसायला ती सरळ दिसते, पण त्या वाटेनं गेलात तर १४,२०० किलोमीटर पडतील. दोष नकाशाचा आहे. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरायची म्हणजे कुठंतरी ताण द्यावाच लागतो. वर्गात आपण जो नकाशा पाहतो, त्याची रीत गेरार्डस मर्केटरनं १५६९ मध्ये आखली ती जहाजांसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून चालता यावं म्हणून. त्यात उत्तरेकडचे प्रदेश फुगतात आणि तिथली अंतरं खरीपेक्षा मोठी दिसतात.

म्हणून नकाशा बाजूला ठेवा आणि पृथ्वीगोल घ्या. घरात नातवंडांचा असेलच. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप घसरत उत्तरेला जाईल आणि सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन थांबेल. ही वाट मुंबईहून वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे झुकते. बलुचिस्तान, अफगाणिस्तानाचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, रशियातलं सारातोव्ह, सेंट पीटर्सबर्गच्या थोडं दक्षिणेकडून, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, मग फेरो बेटं आणि आइसलँड यांच्यामधला समुद्र. तिथं ती जवळजवळ ६५ अंश उत्तरेला पोचलेली असते. तिथून उतरणीला लागून ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि न्यूयॉर्क. वर्गात हा प्रयोग केला की मुलांचा विश्वास बसत नसे. मोठ्यांचाही बसत नाही. एकदा करून बघाच.

साधा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर त्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याच्या एका सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर येईल. ४२५ नं गुणा, साडेबारा हजार मिळतात.

ज्यांना आकडा नेमका हवा, त्यांच्यासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. मोबाइल आडवा धरला की साइन, कोसाइनची बटणं दिसतात. कोन अंशांत मोजण्याची निवड तेवढी करून घ्या.

मुंबईचं अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. जेएफकेचं अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही पूर्वेला असते तर वजाबाकी केली असती.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३.
मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५ × ०.७५९ × (उणे ०.८३५) = उणे ०.५९९.
दोन्हींची बेरीज: उणे ०.३८६.
ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो कोन, म्हणजे उलटा कोसाइन: ११२.७ अंश.

पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा: सुमारे १२,५३०. संकेतस्थळांवर १२,५४० च्या आसपासचा आकडा दिसतो, कारण पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटर जास्त आहे, आणि त्यांच्या गणितात तेही धरलेलं असतं. आपल्याला दहा किलोमीटरांनी काही फरक पडत नाही.

इथं मैलांचं एक सांगून ठेवते. अंतर इंग्रजी मैलांत दिलं असेल तर ते सुमारे ७,७९० येतं. वैमानिक मात्र सागरी मैलात मोजतात, त्यात हेच अंतर सुमारे ६,७७० होतं. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर कुणीतरी चुकलं असं समजू नका. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, आणि तो मुळात अंशाचा साठावा भाग म्हणूनच ठरला.

कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांनी हाच दोरा सॅन फ्रान्सिस्कोवर धरावा. तो मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, किंचित पूर्वेकडे झुकून, आणि ७६ अंशांच्याही वर जाऊन आर्क्टिक महासागर ओलांडतो. अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्को आपल्यासाठी पश्चिमेला की पूर्वेला, या प्रश्नाचं खरं उत्तर ‘उत्तरेला’ असंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं थेट विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरूनच.

तिसरी पायरी: किलोमीटरांचे तास करा

मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५०, उंचीवर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातात. १२,५४० भागिले ९०० म्हणजे साधारण चौदा तास. मग वेळापत्रकात सोळा कुठून येतात?

पहिलं कारण वारा. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. पुस्तकात त्यांना जेट प्रवाह म्हटलेलं असतं. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतलं अंतर वाढतं, त्यामुळे वाऱ्यांचा जोरही वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याला सहा तासांहून जास्त लागतात. वाटभर सरासरी धरली तर जाताना ताशी ५० किलोमीटरचा विरोध आणि येताना ५० ते ७० ची मदत, एवढं धरून हिशोब बरोबर जुळतो.

दुसरं कारण वळसा, आणि अलीकडच्या काळात ते मोठं झालं आहे. दोऱ्यानं दाखवलेली वाट ज्यांच्या डोक्यावरून जाते त्या देशांनी परवानगी दिली तरच ती वापरता येते. पाकिस्ताननं २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं आणि त्यानंतर ही बंदी महिन्यामहिन्यानं वाढवली गेली. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. युक्रेनवरून तर कुणीच जात नाही. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये कोणती कंपनी, यावर वाट बदलते आणि वाटेबरोबर वेळही बदलते.

यात मुंबईकर दिल्लीकरांपेक्षा सुदैवी. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर आधी खाली गुजरातकडे उतरावं लागतं, आपल्याला मात्र अरबी समुद्र समोरच मोकळा आहे. मस्कतवरून वळून गेलो असं धरलं, तरी सगळ्या वाटेत चारशेच्या आत किलोमीटर वाढतात, म्हणजे अर्धा तासही नाही. पण पुढे इराण, काळा समुद्र, रशिया टाळायचं असेल तर आणखी भर पडते. २०२५ च्या बंदीनंतर दिल्लीच्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं होतं.

तिसरी गोष्ट लहान आहे. वेळापत्रकातला वेळ चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर दरवाजापर्यंत येणं, सगळं त्यात धरलेलं. त्यासाठी अर्धा तास द्या.

आता हे सगळं मांडू. अंतर १२,५४०, वळसा सुमारे ६००, एकूण १३,१४०. जाताना खरा वेग ताशी ८५०: साडेपंधरा तास, अधिक अर्धा तास, झाले सोळा. येताना ताशी ९५०: पावणेचौदा ते चौदा तास, अधिक अर्धा तास, म्हणजे साडेचौदाच्या जवळ. तुमच्या तिकिटावरचा आकडा याहून तासभर इकडेतिकडे असेल तर चिंता नको. चार तासांचा फरक दिसला, तर मात्र मध्ये कुठं थांबा आहे का ते शोधा.

चौथी पायरी: तिकिटावरची दोन घड्याळं

नवखे लोक इथंच सर्वांत जास्त चुकतात, म्हणून थोडं सावकाश.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करायची नसते. आधी दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. भारतात असं काही नसल्यामुळे आपल्या लक्षात राहत नाही. एवढं पाठ करा: भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले की तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात सकाळचे नऊ. (दर १५ रेखांशांना एक तास या हिशोबानं दोन्ही शहरांच्या सूर्यात पावणेदहा तासांहून किंचित जास्त फरक आहे. घड्याळातले दोन्ही आकडे त्याच्या दोन बाजूंना पडतात.)

आता जायचं तिकीट, उन्हाळ्यातलं. मुंबई, शनिवार १:३०. न्यूयॉर्क, शनिवार ८:००. ८:०० मध्ये साडेनऊ मिळवले की भारताचे संध्याकाळचे ५:३० होतात. रात्री १:३० ते संध्याकाळी ५:३०, सोळा तास.

परतीचं. न्यूयॉर्क, शनिवार ११:३०. भारतात तेव्हा शनिवारचे रात्रीचे ९:००. मुंबईला पोचणार रविवारी सकाळी ११:३०. साडेचौदा तास. वेळापत्रकात पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असं बारीक अक्षरांत दिसलं, तर त्याचा अर्थ पुढची तारीख.

कुणी सप्टेंबरात गेलं आणि डिसेंबरात परतणार असेल, तर मधल्या काळात तिकडचं घड्याळ बदललेलं असतं. विमान कंपन्याही त्या सुमारास वेळापत्रक बदलतात. तिकीट काढतानाची वेळ गृहीत धरू नका, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा.

आता तारखेबद्दल, आणि हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. पंचांग तसं चालतं आणि आपलं बोलणंही. ‘शनिवारी रात्री दीड वाजता’ असं आपण म्हणतो तेव्हा शनिवारचा दिवस संपून जी रात्र होते ती आपल्याला अभिप्रेत असते. विमानाचं घड्याळ मध्यरात्री बारालाच वार बदलतं. तिकिटावर शनिवार, १४ तारीख, १:३० असेल, तर तुम्हाला घरातून शुक्रवारी, १३ तारखेला निघायचं आहे. आमच्या ओळखीतलं एक जोडपं, दोघंही शिकलेले, बँकेतून निवृत्त झालेले, शनिवारी रात्री साडेदहाला सहारला पोचलं. त्यांचं विमान सुटून एकवीस तास झाले होते. मुलगी तिकडे विमानतळावर जाऊन रडत परत आली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तिकिटावर पेननं मोठ्या अक्षरात लिहून देते: ‘घर सोडायचं: शुक्रवार, १३, संध्याकाळी ५.’ तुम्हीही लिहा. कॅलेंडरवर त्याच चौकोनात गोल करा, विमानाच्या तारखेच्या चौकोनात नको.

पाचवी पायरी: थेट जावं की थांबा घेऊन

लोकांना वाटतं, दुबई किंवा लंडनवरून जायचं म्हणजे फार लांबचा फेरा. दोऱ्यानं मोजून पाहा. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजारांच्या थोडं वर. बेरीज १२,७६० च्या आसपास, थेट अंतराहून सव्वादोनशेच जास्त. मुंबई-दुबई १,९३०, दुबई-न्यूयॉर्क ११,०२०. बेरीज १२,९५०, चारशेच जास्त. ही गावं वाटेवरच आहेत. वाढतो तो जमिनीवरचा वेळ. दोनदा चढणं-उतरणं यानं हवेतला वेळ तासा-दोन तासांनी वाढतो, आणि मधला थांबा तीन तासांचाही असू शकतो, अकरा तासांचाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या, वय झालेल्या माणसांनी थेट विमान परवडत असेल तर तेच घ्यावं. सलग सोळा तास बसणं कठीण, पण परक्या विमानतळावर पहाटे तीनला दरवाजा शोधणं त्याहून कठीण. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असेल, तर उलट मधला थांबा बरा पडतो. पाय मोकळे होतात. तेव्हा थांबा तीन ते पाच तासांचा निवडा. दीड तासाचा स्वस्त पर्याय दिसतो, तो घेऊ नका.

थांब्याचं तिकीट घेताना दोन्ही विमानं एकाच आरक्षणात असू द्या. माझ्या नणंदेनं पैसे वाचावेत म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं, दुसरं निघून गेलं, आणि दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नव्हती. नवं तिकीट काढावं लागलं. एकाच आरक्षणात असतं तर पुढच्या विमानात बसवण्याचं काम त्यांचं असतं, आणि बॅगाही थेट शेवटच्या गावी जातात.

थेट शेवटच्या गावी, असं म्हटलं, पण अमेरिकेला याला अपवाद आहे. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथंच इमिग्रेशन होतं, आणि बॅगाही तिथं पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मुंबईहून नेवार्कला उतरून पुढे शिकागोला जायचं असेल, तर नेवार्कला किमान तीन तास हाताशी ठेवा. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं इमिग्रेशन अबू धाबीतच आटोपतं. २०१४ पासून तिथं ही सोय आहे. मग अमेरिकेत उतरताना देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. वयस्कर माणसांना ते सोपं जातं.

थांबा ज्या देशात आहे, तिथं नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. नियम बदलत असतात. ट्रॅव्हल एजंटनं ‘काही लागत नाही’ म्हटलं, तरी स्वतः बघा.

सहावी पायरी: घर ते घर

विमानाचे सोळा तास हा सगळा प्रवास नव्हे. पुण्याहून निघणाऱ्याचा हिशोब मांडून दाखवते.

विमान रात्री १:३० ला. तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला विमानतळावर. पुणे ते सहार सुमारे दीडशे किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास. पण खंडाळ्याचा घाट, शुक्रवारची संध्याकाळ, पावसाळा, यांपैकी एक जरी असलं तरी पाच धरा. म्हणून पुण्याहून संध्याकाळी ५ ला निघायचं, आणि लागून सुट्ट्या असतील तर ४ ला. न्यूयॉर्कला सकाळी ८ ला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि बॅगा यांत दीड ते दोन तास. जेएफकेहून एडिसन सव्वा तास. घरात पाऊल टाकाल तेव्हा तिथले सव्वाअकरा, भारतात रात्रीचे पावणेनऊ. शुक्रवारी संध्याकाळी ५ पासून शनिवारी रात्री पावणेनऊपर्यंत पावणेअठ्ठावीस तास झाले.

हा आकडा कागदावर लिहा आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर ‘सकाळ-संध्याकाळ’ या शब्दांना त्या अठ्ठावीस तासांत काही अर्थ उरत नाही. किती तासांनी कोणती गोळी, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. विमानात मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू द्या. गोळ्या त्यावर घ्या आणि उतरल्यावर बदला. दर दोन तासांनी उठून मधल्या वाटेत चार पावलं टाका, पाणी पीत राहा.

चालायला त्रास होत असेल किंवा इंग्रजीत बोलायची धास्ती वाटत असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. सोबतचा माणूस इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत आणि तिथून बॅगांपर्यंत घेऊन जातो.

निघायच्या दिवशी

दुपारी जेवण झालं की मुलांना फ्लाइटरडार२४ वर तुमच्या विमानाचा क्रमांक टाकायला सांगा. त्या क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात रोज किती तास हवेत होतं, कोणत्या वाटेनं गेलं, सगळं तिथं दिसतं. वेळापत्रकापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, कारण वारा आणि वळसा दोन्ही त्यात आपोआप आलेले असतात. तुमचं विमान मुंबईत येतानाच उशिरा निघालं असेल, तर तेही आधीच कळतं. आखातातून जाणार असाल तर सकाळच्या बातम्या बघा. २३ जून २०२५ च्या रात्री कतारनं काही तास आकाश बंद केलं तेव्हा हजारो लोक वाटेत अडकले होते.

खिडकी मिळणार असेल तर जाताना उजवीकडची मागा, ती बहुतेक वाटभर उत्तरेकडे असते. जून-जुलैत रात्रीचं विमान युरोपच्या वरच्या अंगाला पोचलं की त्या खिडकीतून क्षितिजावरचा उजेड मावळतच नाही. विमान पश्चिमेला जात असल्यामुळे सूर्य पाठलाग करत असतो, पण लवकर गाठू शकत नाही. मी आयुष्यभर फळ्यावर खडूनं काढत आले ते सगळं तिथं एका काचेत दिसलं होतं.

शेवटचं काम न्यायला येणाऱ्यांसाठी. विमान आठला येणार म्हणून आठला येऊन उभं राहायची गरज नाही. विमान जमिनीला टेकलं हे मोबाइलवर बघा, आणि तेव्हाच एडिसनहून गाडी काढा. तुम्ही सव्वा तासानं पोचाल, आणि बहुतेक वेळा आईबाबा अजून बॅगांच्या पट्ट्यापाशीच उभे असतील.